नभोवीर जिन्याने येतो

घरातलं माणूस गेलं की लोक निदान आवाज खाली आणून बोलतात. माझा नभोवीर गेला, त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगने माझं अभिनंदन केलं.

गेला म्हणजे सिनेमात गेला. त्याच्यावर सिनेमा निघाला, मोठा, पोस्टरभर धूर असलेला. ज्यांनी त्याचं एक पान कधी उलटलं नव्हतं ते जिन्यात अडवून मला सांगू लागले, "काय जबरदस्त आहे हो तुमचा नभोवीर!" माझा! तेराव्याला आलेल्यांनी जेवण छान झालं म्हणावं, तसं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नभोवीर हा पातळ, पिना मारलेल्या चित्रांच्या पुस्तकांतला वीर. त्याला उडता येतं. आणि त्याला उंचीची भीती वाटते. बस, एवढंच आहे, पण यात सगळं आलं. तो उडायचा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, भिंतीला एक हात टेकत. वाळत घातलेल्या कपड्यांत अडकायचा आणि त्या घरच्या बाईची माफी मागायचा. कुणी दहाव्या मजल्यावर आगीत सापडलं की नभोवीर जिना चढून जायचा. धापा टाकत वर पोचायचा, खिडकीतून खाली न बघता त्या माणसाला पाठुंगळी घ्यायचा आणि जिन्यानेच खाली आणायचा. अंगात निळा हातविणीचा स्वेटर, कोपरावर रफू केलेला. शेजारणीने देऊन टाकलेली ती पुस्तकं वाचत मी मोठी झाले. शाळा लवकर सुटली, पण वाचन सुटलं नाही, ते याच्यामुळे. जगातल्या इतर वीरांना भीती वाटत नाही, त्यात त्यांचं काय कौतुक? मी पाण्यातच उतरत नाही म्हणून बुडत नाही, तसलाच तो प्रकार.

सिनेमात काय केलं? सुरुवातीच्याच गाण्यात त्याची भीती घालवली. एका डोंगरावर उभं राहून तो किंचाळतो, ढोल वाजतात, भीती गेली. इतकं सोपं असतं तर आमच्या ऑफिसातले निम्मे लोक डोंगरावर नेऊन सोडले असते. मग त्याला काळं चिलखत घातलं, कुकरला खांदे फुटल्यासारखं. त्यानंतर जो वर गेला तो मध्यंतरापर्यंत खाली आलाच नाही. आमचे हे शेजारच्या खुर्चीत घोरत होते. शेवटच्या धमाक्याला दचकून उठले आणि म्हणाले, "छान घेतलाय."

या सगळ्यात मी तोंड उघडून काही बोलू शकत नव्हते, कारण या पापात माझी लेक सामील होती.

लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवर आकाश बनवण्याचं काम करते. म्हणजे नट हिरव्या पडद्यासमोर दोरीला लटकून हातपाय हलवतात आणि त्यांच्यामागे आभाळ, ढग, सूर्य वगैरे ही मंडळी भरतात. नभोवीर ज्या ढगांतून आरपार जातो त्यांतले कितीतरी तिचे. तिचा फोन आला, "आई, कसा वाटला?"

"आवाज फार मोठा होता ग," मी म्हटलं.

पलीकडून "बरं." आमच्या लेकीचं 'बरं' ज्याने ऐकलंय त्याला कळेल. दरवाजा आपटण्यापेक्षा वाईट असतं.

मग तिनेच सांगितलं की दुसरा भाग निघतोय. या वेळी उड्डाणाच्या सगळ्या दृश्यांची प्रमुख ती. कथा ठरवायच्या बैठकीलाही ती बसणार. त्याआधी रविवारी घरी येऊन जाते म्हणाली.

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. बैठकीला ती बसणार! म्हणजे तिने नुसतं एकदा म्हटलं, की बाबांनो, तो शेवटपर्यंत घाबरायचा हो, तर माणूस परत येऊ शकतो. पण तिने शेवटचं वाचलं ते फ्रॉक घालायच्या वयात. तेव्हा आपली पुस्तकं काढायची, नीट करायची, तिच्या हातात द्यायची. आपण काही बोलायचं नाही. नभोवीरच बोलेल.

पुस्तकं माळ्यावरून काढली तर पानं खपल्यांसारखी हातात येत होती. ती दुरुस्त करायची म्हटल्यावर सल्ले आले. लिफ्टसमोरच्या वहिनी म्हणाल्या, "लॅमिनेशन करून टाका. आमच्या सासऱ्यांचा दाखला केलाय, ओल्या फडक्याने पुसता येतो." वरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, आधी कडक उन्हात ठेवा. सोसायटीचे माजी चेअरमन, ज्यांना आम्ही सगळे अजून चेअरमनच म्हणतो कारण ते अजून तसेच वागतात, म्हणाले, "स्कॅन करा आणि क्लाउडवर टाका." नभोवीर, आणि क्लाउडवर! घेरी येईल हो त्याला. आमचे हे म्हणाले, "नवीनच घे ना." हा माणूस माझ्याशी संसार करून थकला तरी त्याला अजून माझ्याबद्दल काही कळलेलं नाही.

मी मात्र शहाणपणा केला. मी नोकरीला आहे जुन्या दस्तऐवजांच्या ऑफिसात, अभिलेख कक्षात. लोकांच्या जमिनी, घरं, वाटण्या, सगळ्यांची बाडं आमच्या मांडणीवर. त्यातली फाटकी रजिस्टरं बांधायला वर्षातून एकदा बाइंडर येतो आणि व्हरांड्यात खळीचा डबा, दाभण, दोरा मांडून बसतो. तो बसलेलाच होता. मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"बाई, ही पण?"

"ही पण. पण ही जरा..." एवढ्यात साहेबांनी हाक मारली. 'वेगळी ठेवा, घरची आहेत' हे उरलेलं वाक्य माझ्याबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा होती. परत आले तर नभोवीर मांडणीवर. लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत ऑफिसचं नाव आणि खाली 'कायम जतन'. जमिनीच्या वाटण्या आणि विहिरीच्या तंट्यांच्या मधोमध तो उभा होता. मी धावत जाऊन उघडला. बाइंडरने सगळी पानं एकसारखी दिसावीत म्हणून वरची कड यंत्राने कापून टाकली होती. सगळं आकाश गेलं होतं. नभोवीरला मात्र एक ओरखडा नव्हता. तो कधी तेवढा वर गेलाच नव्हता ना! मला त्या अवस्थेतही त्याचा अभिमान वाटला.

तो अभिमान टिकला नाही, कारण मी पान उलटलं. आवक-जावकला नुकत्याच लागलेल्या ताई फार कामसू. समोर आलेल्या प्रत्येक पानावर त्यांनी क्रमांक टाकला होता आणि जांभळा गोल शिक्का मारला होता. नभोवीरच्या कपाळावर शिक्का, स्वेटरवर शिक्का, तो ज्या आजीला पाठीवर घेऊन उतरतोय तिच्या तोंडावर शिक्का. खलनायकावरही होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"अहो ताई, हे माझं आहे."

"पण मॅडम, शिक्का बसला ना," त्या हळहळून म्हणाल्या. लग्नाची माळ गळ्यात पडली ना, अशा सुरात.

साहेबांकडे गेले. साहेब माणूस चांगला, पण नियम दिसला की डोळे भरून येतात त्यांचे. "मॅडम, एकदा दाखल झालं की ते तुमचंही नाही, माझंही नाही. कायम जतन वर्गातलं काढायचं तर समिती लागते."

"मग समितीची बैठक घेऊ."

"समितीचे अध्यक्ष निवृत्त झाले. नवे नेमायला समिती लागते."

"मग मी काय करू, साहेब?"

"नक्कल मिळेल. खिडकीवर अर्ज करा."

सांगते, इतक्या वर्षांत असा अपमान झाला नव्हता. साहेबांनी केला नव्हता, माझ्याच वाक्याने केला होता. हेच वाक्य मी त्या खिडकीच्या आतून, मान वर न करता, जन्मभर लोकांना ऐकवत आले. आज मी बाहेरून उभी होते आणि आत माझी जागा सांभाळणारा, ज्याला मी कामाला शिकवलं तो मदतनीस कारकून, मान वर न करता म्हणत होता, "अर्जदाराचा अभिलेखाशी संबंध लिहिला नाहीत."

मी लिहिलं, 'वाचक'.

"वाचक चालत नाही, मॅडम. रक्ताचा लागतो, नाहीतर खरेदीचा. तुम्हीच शिकवलंत."

मागे रांगेत उभा असलेला एक शेतजमीनवाला म्हणाला, "बाई, लवकर ठरवा, कोण लागतो तुमचा?" मी पेन उचललं आणि लिहिलं, 'वारस'. चाललं. खरं म्हणजे तेवढा एकच रकाना आयुष्यात मी खोटं न बोलता भरला असेल.

नक्कल काढणारं यंत्र आमचं काळंपांढरं. निळा स्वेटर काळा ठिक्कर पडला. शिक्क्यांमुळे छातीवर गोल गोल काळ्या चकत्या आल्या. बघते तर काय, हुबेहूब सिनेमातलं चिलखत! रडू की हसू कळेना. त्यावर प्रत्येक पानाखाली साहेबांची सही लागते, 'मुळाबरहुकूम खरी नक्कल' असं लिहून. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच बसला. मी रोज डोकावायची. शनिवारी कळलं, साहेब सही करता करता वाचत होते.

"मॅडम, बसा. ती मनोऱ्यावर अडकलेली मुलगी, तो डोळे मिटून चढतो आणि ती वरून सांगते, उजवा पाय, डावा पाय... पोचतो ना हो?"

मी खुर्ची पुढे ओढून बसले. "पोचतो, साहेब."

"वा!" त्यांनी शेवटची सही केली आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. "पण खरं सांगू? सिनेमात कसला उडतो!"

रविवारी लेक आली. तिने बूट काढायच्या आत चेअरमन, वहिनी, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या ओळखीचे असे कोण कोण दिवाणखान्यात बसले होते. तिच्याबरोबर फोटो झाले. चेअरमन म्हणाले, "आपल्या बिल्डिंगचं नाव आभाळात नेलंस." वहिनी मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "आईला तर किती झालं असेल! लहानपणापासून वेडी त्या नभोवीरची. अहो, सांगा की तुम्हाला काय आवडलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक नाही. ती पायपुसण्याकडे बघत होती.

"चहा टाकते," मी म्हटलं.

मंडळी गेल्यावर मी गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. तिने शिक्के बघितले, सह्या बघितल्या आणि हसत सुटली. "आई, तू नभोवीरला सरकारजमा केलंस?" मीही हसले. जरा वेळ बरं गेलं. ती पानं उलटत होती, मनोऱ्यापाशी थांबली. मला वाटलं, झालं काम.

"तुझ्या बैठकीला घेऊन जा," मी म्हटलं. "त्यांना माहीतच नसेल की तो शेवटपर्यंत घाबरायचा."

"माहीत होतं," लेक म्हणाली. "कथेच्या पहिल्या खर्ड्यात शेवटपर्यंत होती ती भीती. त्यांना ती विनोदाला हवी होती. वर गेला की ओकायचा, खाली लोक छत्र्या उघडायचे. आमच्या टीमला वाचून दाखवलं तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. मग कुणीतरी म्हटलं, हिने पुस्तकं वाचलीत, हिला विचारा. मी म्हटलं, काढून टाका."

"तू?"

"मी. त्याच्यावर हसलेलं मला नको होतं."

इथे मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. चांगल्या गोष्टींतल्या आया घेतात. पण मी विचारलं, "मग आता प्रमुख आहेस तर परत घाल. न हसवता घाल."

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. "नको आई. मला तो तसाही कधी आवडला नाही."

"कधीच?"

"तू वाचून दाखवायचीस, तुझा चेहरा असा फुलायचा, म्हणून मी ऐकायचे. पण मनात वाटायचं, एकदा तरी वर जा ना रे! उडता येतं तुला. दर वेळी काय जिना? दर वेळी कुणाच्या तरी ओझ्याने वाकलेला, घामाघूम, आणि वर सगळ्यांची माफी मागत." ती थांबली. मग हळू म्हणाली, "तुझ्यासारखा होता तो. मोठ्या ऑफिसात बोलावलं होतं तुला, आठवतंय? नाही गेलीस."

"बदली होती. तुझी शाळा होती."

"तेच म्हणते. मला कुणी विचारलं नव्हतं, मला पाठीवर घ्यायचं का."

आमचे हे आतून म्हणाले, "चहा झाला का ग?" या माणसाची वेळ कधी चुकत नाही.

चहा घेऊन झाल्यावर लेकच कपबश्या गोळा करत म्हणाली, "माझ्याबरोबर बघशील का सिनेमा? दुपारचा खेळ आहे. मी दाखवते कुठलं माझं."

गेलो. थेटर अर्धं रिकामं. तोच धूर, तोच डोंगर, तेच ढोल. पण या वेळी कानाशी कुजबुज. "हा बघ, हा उजवीकडचा ढग. तीन महिने लागले याला." "आता सूर्य येईल, त्याची कड माझी." मी नभोवीरकडे बघणंच सोडून दिलं. तो मध्ये मध्ये यायचा, तेवढा मान तिरकी करून चुकवायचा. त्याच्यामागे ढग होते. पिंजलेल्या कापसासारखे म्हणणार होते, पण तसे नव्हते. जड होते. पोटाशी काळे, वरून उन्हाने तापलेले, आत काहीतरी दाबून धरल्यासारखे. असले ढग माझ्या पुस्तकांत कधीच नव्हते. तिथे नुसता निळा रंग असायचा, तोही वरच्या कडेला, आणि तिथे कुणी बघायचं नाही.

ती पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी वाचताना बघायची तशी.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. पडद्यावर नावांच्या पाट्या सरकू लागल्या. मी उठत होते, तिने हात धरून बसवलं. "थांब. शेवटी माझं नाव येतं." मागच्या खेपेला ह्यांनी गाडी काढायची घाई केली, त्यात ते राहिलंच होतं.

नावं वर जात होती. मुंग्यांएवढी, शेकड्यांनी, एवढा मोठा गाव एका वीराला उडवायला. झाडणारी बाई पहिल्या रांगेपासून खुर्च्या आपटत येत होती.

"आता सांग," लेक म्हणाली. "खरं सांग. आवाजाबद्दल नको."

"ढग खरे आहेत," मी म्हटलं. "माणूस खोटा आहे."

"माणूस माझ्याकडे नव्हता ग."

"दुसऱ्या भागात असेल ना? निदान एक जिना घाल. एकच. एका मजल्याचा."

"नाही, आई."

"का पण?"

"कारण मला उडायचंय," ती म्हणाली. रागाने नाही. लिफ्ट बंद आहे हे सांगावं तसं.

त्यावर मला खूप बोलायचं होतं. जो घाबरत नाही तो उडतो यात कुणाचं काय गेलं, आणि पाठीवर घेतलेल्या पोरीला विचारायची वेळ असते का ग आगीत, आणि ओझं झालं असशील पण जड कधी झाली नाहीस. यातलं नेमकं कुठलं आधी म्हणावं म्हणून मी तिच्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि बघितलं तर ती पडद्याकडे बघत होती. डोळे मोठे झाले, ओठ जरासे हलले आणि मग पुन्हा मिटले.

"आलं का?" मी गर्रकन मान वळवली.

"गेलं," लेक म्हणाली.

पडद्यावर आता गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे आभार मानत होते. झाडणारी बाई आमच्या रांगेशी येऊन झाडू टेकून उभी राहिली. मी खुर्चीतून हलले नाही.

"पुढचा खेळ किती वाजता आहे हो?" मी त्या बाईला विचारलं.